रोज पाठीवर न्यायचा लॅपटॉप निवडताना

लॅपटॉपच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, "बजेट किती?" लगेच दुसरा, प्रोसेसरचा, "आय-फाइव्ह दाखवू की आय-सेव्हन?" बहुतेकांची खरेदी या दोन प्रश्नांतच उरकते. वजन किती, स्क्रीन कसली, बॅटरी केवढी, रॅम (चालू कामांची तात्पुरती मेमरी) पुढे वाढवता येते का, हे गिऱ्हाईक विचारत नाही आणि दुकानदार आपणहून सांगत नाही. वर्षभरात तो लॅपटॉप घरच्या टेबलावर चार्जरला कायमचा बांधला जातो, कारण उचलून न्यायचा कंटाळा येतो.

हे सगळं लिहितोय ते लॅपटॉप घेऊन रोज घराबाहेर पडणाऱ्यांसाठी. डोंबिवली-सीएसएमटी लोकल पकडणारे, पुण्यात अभ्यासिकेत दिवस काढणारे, आठवड्यातले काही दिवस ऑफिसात आणि काही घरी बसून काम करणारे. गेमिंग, थ्रीडी किंवा मोठं व्हिडिओ एडिटिंग हेच ज्यांचं मुख्य काम आहे त्यांचं गणित वेगळं असतं, त्यांनी इथला सल्ला जसाच्या तसा घेऊ नये.

खरेदी करताना मी एकच नियम पाळतो. जे नंतर बदलता येत नाही त्यावर आधी पैसे घालायचे. वजन, स्क्रीन, कीबोर्ड आणि बहुतेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम, या चार गोष्टी जशा घेतल्या तशाच शेवटपर्यंत राहतात. एसएसडी (फाइल साठवायची जागा) बहुधा पुढे मोठी टाकता येते, बॅटरी तीन-चार वर्षांनी बदलता येते, मायक्रोसॉफ्ट ऑफिस नसेल तर फुकटच्या लिब्रेऑफिसवर काम भागतं. दुकानात मात्र बोलणं नेमकं उलट्या टोकाने सुरू होतं.

पहिलं काम: काय करायचंय ते कागदावर लिहा

गेल्या आठवड्यात तुम्ही कॉम्प्युटरवर खरोखर काय केलं ते लिहा. "पुढे कधीतरी व्हिडिओ एडिटिंग शिकेन" असल्या गोष्टी वेगळ्या कागदावर. बहुतेकांची यादी एकसारखीच निघते: ब्राउझरमध्ये पंधरा-वीस टॅब, वर्ड आणि एक्सेल, पीडीएफ, झूम किंवा गुगल मीट, यूट्यूब, फार तर थोडं कोडिंग. यातल्या एकाही कामाला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ते घेतलं की वजन वाढतं, उष्णता वाढते, बॅटरी लवकर संपते आणि पैसेही जास्त जातात.

मग तुमच्या क्षेत्रातली खास सॉफ्टवेअर लिहा, कारण विंडोज की मॅक हा वाद तिथेच मिटतो. टॅली विंडोजवरच चालतं. सॉलिडवर्क्स, ईटॅब्स या इंजिनिअरिंगच्या सॉफ्टवेअरचंही तेच. टेंडर भरण्यासाठी किंवा जीएसटीच्या कामासाठी डिजिटल सहीचं यूएसबी टोकन वापरत असाल तर त्याचा ड्रायव्हर (ते चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) कोणत्या सिस्टिमवर चालतो हे टोकन देणाऱ्याला आधी विचारा. इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला असेल तर कॉलेजच्या माहितीपत्रकापेक्षा त्याच शाखेच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारलेलं बरं. प्रत्यक्ष काय लागतं आणि काय नुसतं यादीत असतं, ते त्यांना ठाऊक असतं.

शेवटी आणखी दोन ओळी: दिवसात प्लगशिवाय सलग किती तास बसता, आणि लॅपटॉप पाठीवर घेऊन रोज किती वेळ उभे असता. या दोन उत्तरांवर पुढचं बरंच ठरतं.

वजन आणि आकार

१४ इंची लॅपटॉप साधारण १.३ ते १.५ किलोचा असतो, १५.६ इंची १.६ ते १.८ किलोचा. गेमिंग लॅपटॉप सव्वादोन ते अडीच किलोपर्यंत जातो आणि त्याच्या चार्जरची वीटच अर्धा किलोच्या वर भरते. दुकानात हातात घेऊन "हलका आहे की!" असं कुणालाही वाटतं. पण तुमच्या बॅगेत तो एकटा नसणार. भरलेली एक लिटरची बाटली म्हणजे किलोभर, डबा अर्धा किलो, चार्जर पाव ते अर्धा किलो, त्यात एखादं जाड पुस्तक. १.७ किलोचा लॅपटॉप घेतलात तर पाठीवर चार किलो सहज होतात, आणि ते घेऊन दादरचा पूल चढायचा असतो.

म्हणून रोज नेणाऱ्याने १४ इंच आणि दीड किलोच्या आत राहावं असं माझं स्पष्ट मत आहे. १३ इंची मॅकबुक एअर १.२४ किलोचा आहे, विंडोजमध्येही एक किलोच्या आसपासचे मिळतात, पण त्यांची किंमत वेगाने चढते. १५.६ इंची मोठा दिसतो, नंबरपॅड मिळतो आणि त्याच पैशात थोडा वरचा प्रोसेसर येतो, म्हणून तो सर्वाधिक दाखवला जातो. एक्सेलमध्ये दिवसभर आकडे भरणाऱ्याला नंबरपॅड खरंच उपयोगी पडतो. बाकीच्यांनी घरी एक मॉनिटर घ्यावा, मोठी स्क्रीन तिथे असू दे. एसटीत समोरच्याने सीट मागे टाकली की १५.६ इंची झाकण पूर्ण उघडतसुद्धा नाही.

वजन कंपनीच्या वेबसाइटवर बघताना "पासून सुरू" असं लिहिलंय का ते पाहा. तो आकडा सर्वांत हलक्या प्रकाराचा असतो, तुम्ही घेताय त्याचा असेलच असं नाही.

स्क्रीन: इथे घाई नको

दिवसाचे सहा-आठ तास ज्याच्याकडे बघायचं ती वस्तू ही. त्यामुळे इथे वेळ घालवा.

माहितीपत्रकात चार शब्द शोधा. पहिला, रिझोल्यूशन, म्हणजे स्क्रीनवर आडवे-उभे ठिपके किती: १९२० बाय १०८० किंवा १९२० बाय १२००. दुसरा प्रकार उंचीला थोडा जास्त असतो, पीडीएफ आणि वर्डच्या दोन-चार ओळी जास्त दिसतात, वाचन करणाऱ्याने तोच घ्यावा. १३६६ बाय ७६८ ची स्क्रीन अजूनही स्वस्त मॉडेलमध्ये विकली जाते, तिच्याकडे बघूही नका. दुसरा, पॅनेल, म्हणजे स्क्रीनचा प्रकार: आयपीएस किंवा ओएलईडी हवं. "टीएन" लिहिलं असेल किंवा काहीच लिहिलं नसेल तर सावध व्हा. टीएनमध्ये मान जरा वर-खाली केली की रंग फिके किंवा काळपट होतात. तिसरा, ब्राइटनेस, तो निट्समध्ये मोजतात. २५० निट्स घरात चालतात, खिडकीशेजारी किंवा रेल्वेत अपुरे पडतात, निदान ३०० घ्या, ४०० मिळाले तर उत्तमच. चौथा, रंग, ते एनटीएससी किंवा एसआरजीबी या मापांत सांगतात. "४५ टक्के एनटीएससी" लिहिलेल्या स्क्रीनवर लाल रंग विटकरी दिसतो. शंभर टक्के एसआरजीबी लिहिलेली स्क्रीन फोटो आणि डिझाइनच्या कामालाही चालते.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. एकाच मॉडेलच्या नावाखाली कंपन्या दोन-तीन वेगवेगळ्या स्क्रीन विकतात. यूट्यूबवरच्या परीक्षणात ४०० निट्सची झकास स्क्रीन दिसते आणि आपल्याकडे येणाऱ्या खोक्यात २५० निट्सची निघते. खोक्यावर लांबलचक पार्ट नंबर असतो, तो कंपनीच्या साइटवर टाकून नेमक्या त्याच प्रकाराची माहिती वाचा.

दुकानात बघायची परीक्षा अगदी सोपी आहे. त्यांनी लावून ठेवलेला चमचमता डेमो व्हिडिओ बंद करा. नोटपॅड किंवा ब्राउझर उघडून मराठी मजकूर लावा, एखादी बातमी चालेल. अक्षर लहान करा आणि "कर्तृत्व", "पुनर्निर्माण", "संशयितांनी" असे शब्द नीट बघा. रफार स्वच्छ दिसतो का, अनुस्वार शिरोरेखेला चिकटून पुसट होतो का, ऱ्हस्व-दीर्घ उकार ओळखू येतात का? इंग्रजीला जी स्क्रीन बरी वाटते ती देवनागरीला तोकडी पडते, कारण आपल्याकडे ओळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे खुणा असतात. मग काळं पान उघडून बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटचा लांब पांढरा पट्टा त्यात दिसला तर ती चकचकीत स्क्रीन आहे, खिडकीकडे पाठ करून बसणाऱ्याला त्रासदायक.

कीबोर्ड आणि बांधणी

दहा मिनिटं टाइप करा. लाजू नका, पैसे तुमचे जाणार आहेत. मधल्या कळांवर जरा जोर द्या. पाटा खाली दबत असेल तर बांधणी कच्ची आहे. बाणांच्या कळा अर्ध्या उंचीच्या आहेत का, पॉवरचं बटण डिलीटला खेटून तर नाही ना, ते बघा. रात्री किंवा एसटीत काम करत असाल तर कीबोर्डखाली दिवे हवेत, काही स्वस्त मॉडेलमध्ये ते नसतात आणि नंतर बसवता येत नाहीत. झाकण एका हाताने उघडून, लॅपटॉप एका कोपऱ्याने उचलून बघा. करकर वाजला तर रोजच्या हाताळणीत बिजागरीच आधी जाणार.

मराठी टायपिंगसाठी कळांवर देवनागरी छापलेली असण्याची गरज नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषा म्हणून मराठी जोडली की इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड मिळतात, विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून भाषा बदलते. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपवर "विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज" असतं. ते नाव वाचून लोक घाबरतात. त्यात मेनू एकाच भाषेत राहतात, इतकंच. टाइप कितीही भाषांत करता येतं.

रॅम आणि एसएसडी

१६ जीबी रॅम घ्या. ८ जीबीवर विंडोज ११, वीस टॅब आणि चालू झूम मीटिंग एकत्र आली की मशीन अडखळायला लागतं. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच डाग देऊन बसवलेली असते, ती आज ८ घेतली की जन्मभर ८. काही मॉडेलमध्ये ८ जीबी पक्की आणि शेजारी एक रिकामी जागा असते, तिथे पुढे दुसरी पट्टी टाकता येते. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढल्यामुळे कंपन्या पुन्हा ८ जीबीची मॉडेल पुढे करू लागल्या आहेत, तेव्हा "नंतर वाढवून देऊ" हे वाक्य ऐकलंत तर जागा दाखवायला सांगा.

ते दुकानातच तपासता येतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. उजवीकडे खाली किती स्लॉट वापरलेत ते दिसतं आणि "फॉर्म फॅक्टर" अशी ओळ असते. तिथे "रो ऑफ चिप्स" असेल तर रॅम पक्की जडवलेली आहे. "एसओडीआयएमएम" असेल तर पट्टी निघते.

एसएसडी ५१२ जीबी पुरते. विंडोजमध्ये ती ४७६ जीबीच दिसेल, मोजायची पद्धत वेगळी असते, फसवणूक नाही. २५६ वर भागवायचं असेल तर एसएसडी बदलता येते याची खात्री करून घ्या. ईएमएमसी असं लिहिलेली (म्हणजे हळू चालणारी) साठवण असलेला लॅपटॉप मात्र फुकट मिळाला तरच घ्या.

प्रोसेसरच्या नावांचं जंगल

आता त्या आय-फाइव्हकडे वळू. वर लिहिलेल्या कामांसाठी गेल्या तीन-चार वर्षांतला जवळजवळ कोणताही मधल्या दर्जाचा प्रोसेसर पुरतो. अडचण अशी की नावावरून तो खरंच मधल्या दर्जाचा आणि खरंच नवा आहे का, हे सहज कळत नाही.

सर्वांत बोलका दाखला एएमडी या कंपनीचा. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही दोन नावं शेजारी ठेवा. दोन्ही रायझन ५, दोन्ही सात हजारांच्या मालिकेतले, आकड्यात फरक दहाचा. पहिल्यात ४ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आहेत आणि आतली रचना झेन २, म्हणजे २०१९ सालची. दुसऱ्यात ६ कोअर आणि झेन ३. ओळखायची खूण तिसऱ्या आकड्यात आहे: सात आणि आठ हजारांच्या लॅपटॉप मालिकांमध्ये तिथे २ असेल तर झेन २, ३ असेल तर झेन ३, ४ असेल तर झेन ४. ७५२०यूचा आणखी एक तोटा असा की त्याची रॅम नेहमी जडवलेलीच असते. "नवा रायझन फाइव्ह, एकदम स्वस्त" असं कुणी सांगितलं की तिसरा आकडा बघा.

इंटेलमध्ये शेवटचं अक्षर वाचायचं. यू म्हणजे कमी वीज खाणारा, रोज नेणाऱ्यासाठी योग्य. एच म्हणजे जास्त ताकद, जास्त उष्णता. एचएक्स गेमिंगचा, त्याच्या वाटेला जाऊ नका. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या कोअर अल्ट्राच्या एका मालिकेत शेवटी व्ही असतो, उदाहरणार्थ अल्ट्रा ५ २२६व्ही. रॅम त्या चिपमध्येच असते आणि बॅटरीच्या बाबतीत ही इंटेलची खरोखर चांगली मालिका आहे. तिच्यातला तिसरा आकडा ६ असेल तर १६ जीबी, ८ असेल तर ३२ जीबी रॅम. "आय" नसलेले नुसते कोअर ५ १२०यू सारखे प्रोसेसर आतून बहुतांशी १३व्या पिढीच्या आय-फाइव्हसारखेच आहेत. वाईट मुळीच नाहीत, फक्त "नवीन पिढी" म्हणून पाच हजार जास्त मोजू नका. एन१००, एन२०० ही नावं दिसली तर ती अगदी हलक्या कामाची मशीन, शाळकरी मुलांच्या गृहपाठापुरती.

आय-सेव्हनचं काय? यू मालिकेतला आय-सेव्हन आणि आय-फाइव्ह यांत ब्राउझर-वर्डच्या कामात जाणवेल असा फरक नसतो. दुकानदार तो गळ्यात मारतो कारण नाव मोठं आहे. तेच आठ-दहा हजार स्क्रीन आणि रॅमवर घाला.

हल्ली "एआय पीसी" आणि "कोपायलट प्लस"चे स्टिकर दिसतात. कोपायलट प्लस म्हणवून घ्यायला निदान १६ जीबी रॅम लागते, त्यामुळे तो स्टिकर असलेल्या मशीनमध्ये ती तरी नक्की असते. त्यापलीकडे त्या स्टिकरसाठी वेगळे पैसे मोजण्याजोगं मला तरी रोजच्या कामात काही दिसलेलं नाही. चॅटजीपीटी वगैरे ब्राउझरमध्ये कुठल्याही लॅपटॉपवर चालतं.

स्नॅपड्रॅगन एक्स चिपचे विंडोज लॅपटॉप बॅटरीला उत्तम आहेत आणि थंड राहतात. पण जुना प्रिंटर, डिजिटल सहीचं टोकन, हार्डवेअर लॉकवर चालणारं जुनं देवनागरी सॉफ्टवेअर अशा गोष्टी त्यांच्यावर अडतात. तुमचं सगळं काम ब्राउझरमध्ये असेल तर खुशाल घ्या, सरकारी पोर्टलशी रोजचा संबंध असेल तर टाळा.

मॅकबुक एअरबद्दल थोडक्यात. ॲपलच्या एम४ चिपचा भारतात मार्च २०२५ मध्ये ९९,९०० रुपयांपासून आला. पंखा नाही, त्यामुळे अभ्यासिकेत आवाज शून्य, बॅटरी दिवसभर, आणि सुरुवातच १६ जीबीपासून. आत काहीही वाढवता येत नाही, आणि टॅलीवाल्यांचा तर प्रश्नच मिटला. जुन्या मॅकबुक एअरवर सेलमध्ये मोठी सूट दिसली तर आधी रॅम बघा, २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत मूळ प्रकार ८ जीबीचा होता.

बॅटरी आणि चार्जर

"१२ तास बॅटरी" हा दावा बहुधा कमी ब्राइटनेसवर सलग व्हिडिओ चालवून काढलेला असतो. तुम्ही वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते, ते बघा. ब्राउझर, वर्ड आणि वायफाय अशा कामात लॅपटॉप साधारण ७ ते १० वॉट खातो. ४२ वॉट-अवरची बॅटरी ८ वॉटने भागा, पाच तास आले. ५७ ची सात तास, ७० ची साडेआठच्या पुढे. स्वस्त १५.६ इंची मॉडेलमध्ये ४२ सर्रास असते. अभ्यासिकेत सॉकेटची खुर्ची पकडायला सकाळी सहाला जायचं नसेल तर ५५ च्या खाली जाऊ नका.

चार्जर यूएसबी-सीचा असावा. ६५ वॉटचा एकच चार्जर लॅपटॉप आणि फोन दोघांनाही चालतो, हरवला तर कुठल्याही गावात मिळतो. मात्र यूएसबी-सीचं भोक आहे म्हणून चार्जिंग होईलच असं नाही, काही मॉडेलमध्ये ते फक्त डेटासाठी असतं. माहितीपत्रकात "पॉवर डिलिव्हरी" हे शब्द शोधा. पॉवर डिलिव्हरी असेल तर ६५ वॉट देणारी पॉवर बँकही चालते. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ७४ वॉट-अवर, विमानातल्या १०० वॉट-अवरच्या मर्यादेत बसते. ती चेक-इन बॅगेत टाकायची नाही, हातातल्या सामानात ठेवायची.

धातूच्या लॅपटॉपवर चार्जिंग चालू असताना हात फिरवला की कधी कधी बारीक झिणझिण्या येतात. नव्या मशीनमध्ये बिघाड आहे असं समजून लोक सर्व्हिस सेंटर गाठतात. बहुतेक वेळा कारण घराच्या वायरिंगमध्ये असतं: दोन पिनांचा चार्जर, किंवा तीन पिनांचा असूनही सॉकेटला अर्थिंग नसणं. तीन पिनांची वायर चांगल्या अर्थिंगच्या सॉकेटला लावा, झिणझिण्या जातात. झिणझिण्यांऐवजी चटका बसत असेल तर मात्र आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

कुठे घ्यायचा, पैसे कसे द्यायचे

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात घासाघीस होते, मोठ्या शोरूममध्ये हाताळून बघता येतं, ऑनलाइन सेलमध्ये भाव पडतात. माझा मार्ग सरळ आहे: शोरूममध्ये हाताळायचा, ऑनलाइन भाव बघायचा, आणि तो भाव दुकानदारासमोर ठेवायचा. दोन-तीन हजारांचाच फरक राहिला तर दुकानातून घ्यावा, कारण पहिल्या आठवड्यात काही निघालं तर समोर माणूस असतो. दिवाळी, प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन आणि जूनमधला कॉलेज सुरू होण्याचा काळ, हे सेलचे ठरलेले हंगाम.

ऑनलाइन घेताना "रिटर्न" आणि "रिप्लेसमेंट" यांतला फरक वाचा. बऱ्याच ठिकाणी फक्त रिप्लेसमेंट असतं, तेही बिघाड सिद्ध झाला तरच. स्क्रीन आवडली नाही हे कारण तिथे चालत नाही. खोकं फोडताना सुरुवातीपासून सलग व्हिडिओ काढा.

"नो-कॉस्ट ईएमआय" अगदीच फुकट नसतो. त्यातल्या व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी लागतो, वर प्रोसेसिंग फी असू शकते. रोखीने घेतल्यास किती सूट, हे विचारल्याशिवाय ईएमआयला हो म्हणू नका. बिलाशिवाय दोन हजार कमी करतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा, वॉरंटीचं भांडण बिलावरच चालतं. व्यवसायासाठी घेत असाल तर बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक घालून घ्या.

"विंडोज टाकून देतो" याचा अर्थ बहुधा मशीन डॉसवर, म्हणजे विंडोजशिवाय, आलंय आणि वर चोरीचं विंडोज चढवलं जाणार आहे. अधिकृत विंडोज आधीपासून असलेलाच घ्या. मायक्रोसॉफ्ट ऑफिस सोबत येत असेल तर ते कायमचं आहे की एका वर्षाचं, तेवढं विचारा.

वॉरंटी एक वर्षाची असते, पण घरी येऊन दुरुस्ती की आपण घेऊन जायचं, हे मॉडेलप्रमाणे बदलतं. तुमच्या तालुक्यापासून जवळचं सर्व्हिस सेंटर किती लांब आहे ते कंपनीच्या साइटवर पिनकोड टाकून बघा. नांदेडला राहणाऱ्याला आणि कोथरूडला राहणाऱ्याला एकच ब्रँड सारखाच सोयीचा असेल असं नाही. रोज प्रवास असेल तर पडझडीचं संरक्षण घ्यावं, ते खरेदीनंतर ठरावीक मुदतीतच मिळतं.

बजेट अगदीच कमी असेल तर नवा खराब लॅपटॉप घेण्यापेक्षा कंपन्यांनी वापरून काढलेला लेनोवोचा थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड किंवा एचपीचा एलिटबुक बघा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे इंटेलची निदान आठवी पिढी हवी, तरच विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. बॅटरी बदलायची म्हणून थोडे पैसे बाजूला ठेवा.

घरी आणल्यावर पहिला आठवडा

खोक्यावरचा आणि लॅपटॉपच्या पोटावरचा सिरियल नंबर जुळतो का, ते आधी बघा. पूर्ण पांढरं, पूर्ण काळं आणि पूर्ण लाल पान लावून मेलेले पिक्सेल शोधा. सगळी यूएसबीची भोकं, कॅमेरा, माइक, दोन्ही स्पीकर, वायफाय तपासा. टास्क मॅनेजरमध्ये रॅम खरंच सांगितली तेवढी आहे का, तेही पाहून घ्या. एक दिवस बॅटरीवर पूर्ण संपेपर्यंत तुमचं नेहमीचं काम करा. बदलून मिळण्याची मुदत आठवडा-दहा दिवसांची असते, हे सगळं त्या आत झालं पाहिजे.

नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये साठवण आपोआप एनक्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होते. तिची ४८ आकडी किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा होते. सेटअप दुकानदाराच्या ईमेलवर झाला असेल तर ती किल्ली त्याच्या खात्यात जाते, आणि वर्षभराने एखाद्या अपडेटनंतर मशीनने ती मागितली की तुमचा सगळा डेटा अडकतो. सेटअप स्वतःच्याच खात्यावर करा आणि किल्ली कागदावर उतरवून बिलासोबत ठेवा.

बहुतेक कंपन्यांच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. बराच वेळ टेबलावर चार्जरला लावून काम करत असाल तर ती चालू करा, प्रवासाच्या आदल्या रात्री बंद करा. पावसाळ्यात बॅगेच्या आत लॅपटॉपसाठी जाडसर प्लॅस्टिकची वेगळी पिशवी ठेवा. बॅगवरचं रेनकव्हर पाठीच्या बाजूने उघडं असतं, आणि नेमका तिथेच लॅपटॉपचा कप्पा असतो.

शेवटचं काम कंपनीच्या साइटवर. सिरियल नंबर टाकून वॉरंटी कधीपासून सुरू झाली ते बघा. कधी कधी ती माल दुकानात गेल्याच्या तारखेपासून मोजलेली असते आणि तुमचे तीन-चार महिने आधीच गेलेले असतात. बिलाची प्रत पाठवली की कंपनी तारीख दुरुस्त करते. दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.